जावईबापू, आमिष कुठंय? पोटोमॅकवरचं फ्लाय फिशिंग, सोप्या भाषेत

एप्रिलमध्ये सासरे आले होते रत्नागिरीहून, त्यांना पोटोमॅक नदीवर घेऊन गेलो. वॉशिंग्टन डीसीच्या हद्दीतच, चेन ब्रिजच्या थोडं खाली फ्लेचर्स कोव्ह म्हणून जागा आहे, तिथे वल्ह्याची होडी भाड्याने मिळते. मी रॉड जोडला, लाइन ओवली, टोकाला गळ बांधला. बाबांचा सगळा जन्म समुद्राकाठी गेलेला, ते बराच वेळ गप्प बसून बघत होते पण शेवटी राहवलं नाही. "जावईबापू, आमिष कुठंय?" मी गळ पुढे केला. नखाएवढा गळ, त्याला गुंडाळलेला गुलाबी चमकीचा धागा आणि एक मणी. "हे होय? ही तर राखी आहे!" आणि वीसेक मिनिटांनी त्या राखीला दीड किलोचा शॅड लागला. मासा होडीजवळ आल्यावर बाबा वाकून बघतात आणि म्हणतात, अरे हा तर आपल्या भिंगाचा भाऊ. चूक नाहीये हां ते. शॅड हा तारली, हिल्सा, भिंग ह्यांच्याच गोतावळ्यातला, तसाच चांदीचा आणि तितकेच काटे.

त्या दिवसापासून घरातले, ऑफिसमधले, पुण्याचे मित्र सगळे एकच विचारतायत की हे फ्लाय फिशिंग म्हणजे नक्की काय आणि तुला कुठला मासा पकडायचा असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, जो आज घरी असेल तो. पहिल्याला जरा वेळ लागेल.

साध्या गळाने मासे धरताना आपण वजन फेकतो. गळाला शिसं असतं किंवा आमिषच जड असतं, ते भिरकावलं की मागून बारीक दोरी आपोआप जाते. आता गळाला नुसतं पीस बांधलंय असं समजा आणि ते वीस मीटर लांब फेकून दाखवा. नाही जाणार, पायाशी पडेल. फ्लाय म्हणजे हेच, गळावर पिसं, केस, धागे बांधून केलेली एखाद्या किड्याची नाहीतर छोट्या माशाची नक्कल, जिला स्वतःचं असं वजन जवळजवळ नसतं. मग वजन ठेवायचं कुठे, तर दोरीत. फ्लायची लाइन जाड असते, वरून प्लास्टिकचा थर, आणि आपण खरं तर ती लाइन फेकत असतो, फ्लाय नुसती तिच्या शेपटाला धरून जाते. शेतावर कुणी आसूड ओढताना पाहिलाय का? मुठीपासून निघालेली लाट टोकापर्यंत जाते आणि टोक झटकन सुटतं. तेच आहे हे, फक्त आसूड तीस-चाळीस फुटांचा आणि शेवटी आवाज आला तर तुमचं काहीतरी चुकलंय.

म्हणूनच दुकानात गेलं की पाच नंबर, सहा नंबर, आठ नंबर असं ऐकू येतं. तो नंबर लाइनच्या वजनाचा. लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन मोजतात, पाच नंबरला ते साधारण ९ ग्रॅम, सहाला साडेदहाच्या आत, आठला साडेतेराच्या थोडं वर. रॉडवरही तोच नंबर छापलेला असतो आणि दोन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर रॉड एकतर वाकतच नाही किंवा ओल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबतो. मला एका दुकानदाराने पहिल्यांदा चार नंबरचा नाजूक, ट्राउट नावाच्या थंड ओढ्यातल्या माशासाठीचा रॉड गळ्यात मारला होता, त्याने मी पोटोमॅकवर एक सबंध सीझन वारा खाल्ला. ह्या नदीला एकच रॉड घ्यायचा असेल तर सहा किंवा सात नंबर घ्या, बाकी कोण काय सांगतो ते ऐकू नका.

जाड लाइन माशाला दिसते आणि पाण्यावर आपटतेही, त्यामुळे तिच्या पुढे नऊएक फुटांचा पारदर्शक तुकडा लावतात, लीडर, जो मुळाशी जाड आणि टोकाला अगदी बारीक होत जातो, म्हणजे आसुडाची लाट हळूहळू मरत जाते आणि फ्लाय अलगद उतरते. ह्याच्या जाडीचे आकडे उलटे, एक्स जितके जास्त तितकी दोरी बारीक. हिशोब असा की अकरातून एक्सचा आकडा वजा करायचा, जे उरेल तितके हजारांश इंच. म्हणजे ५एक्स असेल तर सहा हजारांश इंच. हे असं उलटं कुणी ठेवलं असेल कुणास ठाऊक, पण सगळे निमूट पाळतात. पोटोमॅकवर ५एक्स विसरा, तो ट्राउटच्या नखऱ्यांसाठी, इथे २एक्स-१एक्स बांधा.

फेकण्यात मेख एकच आहे, मागे थांबणं. लाइन वर उचलून मागे टाकायची, रॉड जवळजवळ उभा असताना खटकन थांबवायचा, आणि मग काहीच करायचं नाही. लाइन तुमच्या पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत वाट बघायची आणि मगच पुढे. आपल्याला घाई. लाइन अर्ध्यात असताना आपण पुढे ओढतो, मग ती डोक्यावर येऊन पडते. मी पहिल्या महिन्यात स्वतःच्याच कानाच्या पाळीत गळ घालून घेतला, नशीब एवढंच की त्याचा उलटा दात मी आधी पकडीने चेपून ठेवला होता त्यामुळे तो आला तसा सरळ निघाला. तेव्हापासून दात चेपल्याशिवाय एकही गळ बांधत नाही आणि चष्मा घातल्याशिवाय रॉड उचलत नाही, माशासाठी नाही, माझ्यासाठी. मागे झाडी असेल तर लाइन मागे न टाकता पाण्यावरूनच गोल लोळवत पुढे पाठवता येते, त्याला रोल कास्ट म्हणतात. शहराजवळच्या काठांवर झाडी असतेच, त्यामुळे ते आधी शिका.

आता मिक्स्ड स्पीशीज, म्हणजे एकाच जातीच्या मागे न लागता सरमिसळ मासे धरणं. फ्लाय फिशिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डोंगरातला थंडगार ओढा आणि ट्राउट येतो. ट्राउटला थंड पाणी लागतं, शहराजवळच्या ह्या रुंद नदीचं पाणी जुलैत न्हाणीघरात काढून ठेवलेल्या बादलीसारखं कोमट होतं, इथे त्याचं काही खरं नाही. पण इतर कोण कोण आहे ते बघा: शॅड, स्ट्राइप्ड बास, व्हाइट पर्च, स्मॉलमाउथ बास, लार्जमाउथ बास, सनफिश, वॉलाय, कार्प, कॅटफिश, गार, स्नेकहेड. एवढी गर्दी का, तर भूगोल.

पोटोमॅक साडेसहाशे किलोमीटर लांब आहे. वॉशिंग्टनच्या थोडं वर ती कठीण खडकाच्या प्रदेशातून किनारपट्टीच्या मऊ सपाटीवर उतरते. आधी ग्रेट फॉल्सला एक मैलही न जाता ७६ फूट खाली येते, मग लिटल फॉल्सचा शेवटचा खळाळ, आणि त्याच्या खाली चेन ब्रिजपाशी चेसापीक उपसागराकडून येणारी भरती-ओहोटी सुरू. पाणी तिथे गोडंच आहे पण दिवसातून दोनदा साधारण तीन फूट वरखाली होतं. म्हणजे पुलाच्या वर खडकाळ पहाडी नदी आणि खाली खाडीसारखी नदी, मधे जेमतेम दोन-चार मैल. आपल्याकडे घाटावरचे मासे आणि खाडीतले मासे वेगळे असतात, इथे घाट आणि खाडी एकाच बस रूटवर आहेत म्हणा ना. समुद्रातून अंडी घालायला वर आलेला मासा लिटल फॉल्सच्या खडकांपाशी अडतो आणि खाली गर्दी करतो. आम्ही होडी घेऊन तिथेच का बसतो ते आलं ना लक्षात.

शॅड येतो मार्चअखेर ते मे. पाणी १३ अंशांच्या आसपास गेलं की पहिले मासे दिसायला लागतात, एप्रिलचा मध्य म्हणजे ऐन हंगाम. गंमत म्हणजे ह्या प्रवासात तो फारसा खातच नाही, तरी डोळ्यासमोरून गुलाबी-पोपटी चमकी गेली की तोंड घालतो. म्हणून आमिष कुठंय ह्या प्रश्नाला अर्थच नाही, भूक नसलेल्याला जेवण दाखवून काय उपयोग, त्याला डिवचावं लागतं. करायचं असं: होडी नांगरायची, बुडणारी लाइन लावायची, प्रवाहाला आडवी फेकायची आणि दहा-पंधरा आकडे मोजत बुडू द्यायची. प्रवाह तिला कमानीत फिरवत होडीच्या मागे सरळ आणतो, आणि जिथे ती फिरायची थांबते ना, नेमका तिथे दणका बसतो. तेव्हा हिसका मारायचा नाही. शॅडचं तोंड पापडासारखं असतं, फाटतं आणि मासा जातो. बाबांनी दोन तसेच घालवले, मग मला म्हणतात तुझी दोरी लूज आहे.

आणि शॅड परत सोडायचा बरं का, इथे तो ठेवायला बंदी आहे. एके काळी ह्या नदीत शॅड आणि हेरिंग इतके होते की जॉर्ज वॉशिंग्टन माउंट व्हर्नन ह्या आपल्या शेतवाडीच्या काठावर जाळी लावून त्यांचा रीतसर धंदा करायचे. मग अतोनात मासेमारी, बंधारे, सांडपाणी. १९६० च्या दशकात नदीची अवस्था इतकी वाईट होती की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तिला राष्ट्रीय लाज म्हणाले होते. १९७२ च्या क्लीन वॉटर कायद्यानंतर सांडपाण्यावर पैसा ओतला गेला, तळाची गवतं परत आली, १९९० च्या दशकापासून शॅडची अंडी उबवून पिल्लं सोडली आणि २००० साली लिटल फॉल्सच्या बंधाऱ्यात माशांना वर जायला वाट केली. सगळं छान झालंय असं मात्र नाही. डीसीच्या जुन्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी अजून एकाच पाइपातून जातं आणि मोठा पाऊस झाला की ते नदीत येतं, त्यामुळे मुसळधार पावसानंतर दोन-तीन दिवस मी तरी पाण्यात पाय घालत नाही.

जूनपासून मी पुलाच्या वर सरकतो, व्हायोलेट्स लॉक, सेनेका, आणखी लांब जायचं तर पॉइंट ऑफ रॉक्स, आणि तिथला राजा स्मॉलमाउथ बास. हा इथला नाहीच मुळात. १८५४ साली एका माणसाने ओहायो नदीच्या बाजूचे तीसेक मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडून आणले आणि कंबरलँडला कालव्याच्या कुंडात सोडले, तिथून ते नदीभर झाले. आज त्याला इथला नाही म्हटलंत तर लोक भांडायला उठतील. कार्प तसाच, सरकारनेच १८७० च्या दशकाच्या शेवटी वॉशिंग्टन मॉन्युमेंटजवळच्या तळ्यांत वाढवला आणि देशभर पाठवला, आता त्यालाच नावं ठेवतात. आधी कोण आलं आणि भूमिपुत्र कोण हा वाद माशांतही सुटलेला नाही.

स्मॉलमाउथ शोधायचा म्हणजे पाणी वाचायचं. नदीत आडव्या खडकांच्या रांगा आहेत. खडकावरून पाणी वेगाने जातं आणि त्याच्या मागे एक शांत जागा राहते, तिथे पाणी उलटं फिरतं, वाहून आलेली पानं, फेस तिथेच गोल गोल घुमताना दिसेल. मासा त्या शांत पाण्यात कडेला उभा असतो. प्रवाहात पोहण्याचे कष्ट नाहीत आणि जेवण समोरून वाहत येतंय, म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या वाटेवरची जागा धरल्यासारखं. फ्लाय त्या वेगवान आणि शांत पाण्याच्या शिवेवर पडली पाहिजे, हातभर इकडे तिकडे झाली तरी फुकट. त्याचं आवडतं खाणं क्रेफिश, गोड्या पाण्यातली बोटभर शेवंड म्हणा, आणि बारके मासे. त्यासाठी क्लाउझर मिनो नावाची फ्लाय, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझरने ह्याच माशासाठी १९८० च्या दशकात तयार केली. हरणाच्या शेपटीचे केस आणि गळाच्या पाठीवर डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे. डोळ्यांच्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर, त्यामुळे तळाच्या दगडांत अडकत नाही, आणि लाइन हाताने ओढून थांबलं की फ्लाय डोकं खाली घालून बुडते, परत ओढली की उसळते. घाबरलेला छोटा मासा असाच पळतो. पांढरी-पोपटी दोन इंची क्लाउझर, बस, ह्या एका फ्लायवर मी ह्या नदीत सात जाती धरल्यात. सात वेगळ्या डब्या घेऊन फिरणारे काय म्हणायचं ते म्हणोत.

मासा लागल्यावर रॉड वर उचलू नका, आधी डाव्या हाताने लाइन खेचा. ट्राउटवाल्यांची सवय रॉड उचलायची, त्यात फ्लाय माशाच्या समोरून वर निघून जाते. हाताने खेचलं आणि चुकलं तरी फ्लाय तिथेच राहते, मासा परत येतो.

कार्पचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सतरा वर्षं जमिनीत राहून बाहेर येणारे सिकाडा किडे असतात, ह्या भागातली मोठी पिढी २००४ ला आली, मग २०२१ च्या मे-जूनमध्ये. झाडांवर कर्कश आवाज, फुटपाथवर खच, आणि नदीवर लोंबणाऱ्या फांद्यांवरून टपाटप पाण्यात. एरवी तळाचा चिखल चाळणारा, सावली पडली तरी पळणारा कार्प तेव्हा वर येऊन जाड ओठांनी पचक्-पचक् आवाज करत किडे खात होता, म्हशीने कोंडा ओढावा तसा. काळ्या फोमला दोन नारिंगी डोळे चिकटवून केलेली फ्लाय टाकली की आठ-दहा किलोचा मासा निवांत येऊन तोंडात घेतोय आणि तुम्ही हाताला कंप सुटलाय म्हणून चुकताय. पुढची वेळ २०३८. मी रजा आत्ताच सांगून ठेवलीये.

आता मरळ. इथे स्नेकहेड म्हणतात, आपल्या मरळीच्याच वंशातला, मूळचा चीन-कोरियाकडचा. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या एका तळ्यात सापडला तेव्हा सरकारने औषध टाकून तळंच मारलं, पण २००४ मध्ये पोटोमॅकच्या खालच्या भागात निघाला आणि मग आवरला नाही. हवेत श्वास घेतो, उथळ गवताळ पाण्यात राहतो, पिल्लांचा घोळका आईबाप दोघं राखतात. पेपरवाल्यांनी तेव्हा त्याला राक्षस केलं होतं. खायला मात्र सुरेख, पांढरं घट्ट मांस, काटे कमी, आणि लोकांनी खावा म्हणून मेरीलँडने २०२४ मध्ये त्याचं नावच बदलून चेसापीक चन्ना केलं. सापाचं डोकं ऐकून गिऱ्हाईक पळतं ना. ह्याच्यासाठी आठ नंबरचा रॉड, जाड दोरी आणि गवतात न अडकणारी बेडकासारखी फ्लाय. जिवंत बाळगायला बंदी आहे, धरला की जागेवरच मारायचा. जूनमध्ये मॅटावुमन क्रीकला एक मिळाला, सासूबाईंनी हळद-तिखट-आगळ लावून रव्यात तळला, आणि शॅड सोडला म्हणून रुसलेल्या बाबांचा रुसवा तिथे संपला. खायच्या आधी त्या त्या राज्याचा माशांचा तक्ता मात्र बघा, पीसीबीसारखी जुनी रसायनं तळाच्या गाळात आहेत आणि काही जाती, काही ठिकाणचे मासे खाऊच नका किंवा महिन्यातून इतकेच खा असं त्यात लिहिलेलं असतं.

लायसन्सचा घोळ थोडक्यात. १६३२ च्या राजाच्या सनदेमुळे नदी पलीकडच्या व्हर्जिनियाच्या काठापर्यंत मेरीलँडची, आणि शहरासमोरचा तुकडा डीसीचा. म्हणजे व्हर्जिनियात राहणारा मी घराजवळच्या काठावरून पाण्यात उतरलो की दुसऱ्या राज्यात. कुठल्या भागात कुणाचं लायसन्स चालतं हे जायच्या आधी वाचा, वॉर्डन आल्यावर नको.

आणि ही नदी माणसं घेते. वरून संथ दिसते, आत नाही. लिटल फॉल्सच्या बंधाऱ्याखाली पाणी असं गोल फिरतं की त्यात गेलेली वस्तू बाहेर पडत नाही, त्या बंधाऱ्याला इथे बुडवायचं मशीनच म्हणतात. लाइफ जॅकेट घाला, अंगात घाला, होडीत ठेवू नका. लिटल फॉल्सच्या पाण्याची उंची ऑनलाइन दिसते, उन्हाळ्यात तीनेक फूट असते, दहा फुटांना पूर धरतात. आकडा चढता असेल तर मी घरी फ्लाय बांधत बसतो.

परवा बसलो होतो ते गारची फ्लाय करत. गारला सुसरीसारखं लांब तोंड, नुसतं हाड आणि सुईसारखे दात, गळ रुततच नाही त्यात. म्हणून त्याच्या फ्लायला गळच नसतो. नायलॉनच्या पांढऱ्या दोरीचा वीतभर तुकडा घ्यायचा, विंचरून विंचरून त्याचे तंतू मोकळे करायचे, एवढंच. मासा चावतो, दात तंतूंत गुंततात, आणि येतो. बाबा बाजूला चहा पीत बघत होते. आधी आमिष नव्हतं, म्हणाले, आता गळ पण नाही? पण कंगवा घेऊन दुसरी दोरी विंचरायला बसले. सोडवताना हातात जाड मोजे लागतात आणि त्या दातांतून तंतू न् तंतू काढावा लागतो, नाहीतर माशाचं तोंड बांधलेलं राहून तो उपाशी मरतो, हे त्यांना अजून सांगितलेलं नाहीये.